पुढल्या काचेच्या सांदीची मोहीम

स्वस्ति. धुळीचे राज्य सर्वांत जुने. तिचे तख्त कोणी पाहिले नाही, परंतु जेथे तिचा अंमल बसला नाही ऐसा मुलूख नाही. तिजशी जे झुंजले ते थोर, आणि सुटीच्या सकाळी अंथरूण सोडून झुंजले ते थोरांहून थोर. त्यांपैकी एकाने मोटारीच्या पुढल्या काचेच्या सांदीत, जेथे मनुष्याचा हात पोहोचत नाही, तेथे गनीम कैसा गाठला, ती हकीकत घडली तैसी लिहिली आहे. पदरचे काही घातले नाही. पदराने काही पुसलेही नाही, कारण त्याचे तंतू काचेवर राहतात.

विमा कचेरीत एक कारकून होते. इमारतीत त्यांस फडकेबहाद्दर म्हणत, ते आडनावावरून नव्हे, तर खांद्यावर सदैव एक मऊ फडके असे म्हणून. मोटार त्यांची नव्हती. मोटार बाईसाहेबांची, म्हणजे त्यांच्या कुटुंबाची. बाईसाहेबांनी ती आपल्या पगारातून घेतली आणि चालवीतही त्याच. परंतु मोटार दारी आली त्या दिवशीच तिच्या अंगाची सुभेदारी फडकेबहाद्दरांनी, कोणी दिली नसतां, आपणाकडे घेतली आणि बाल्कनीत दारूगोळ्याचे कोठार उभारिले. त्यात टायरचे ब्रश, चाकाच्या आऱ्यांचे ब्रश, मेण, मेण काढण्याचे पाणी आणि ते पाणी काढण्याचे निराळे पाणी ऐसा इतमाम होता. वाळत घालण्याच्या दोरीवर मोटारीची फडकी होती, आणि घरातील माणसांचे कपडे दरवाज्यांवर व खुर्च्यांच्या पाठींवर मुक्काम करून होते.

ऐसे सुखात चालले असतां बाईसाहेबांची बदली शहराबाहेरील कचेरीत जाली. रस्ता सरळ पूर्वेस, आणि सकाळचा सूर्य थेट तोंडावर. तेव्हां पुढल्या काचेच्या आतल्या अंगास एक पातळ साय धरली होती ती उघडी पडली. सावलीत ती दिसत नसे. ऊन समोरून आले की सारी काच दुधासारखी पांढरी होई, आणि दाटी सर्वांत मोठी खालच्या सांदीत, जेथे काच उतरत येऊन डॅशबोर्डास मिळते.

एके दिवशी बाईसाहेब घरी आल्या, चावी टेबलावर आपटली आणि उभ्या उभ्याच बोलल्या ते असे: “आज सिग्नल हिरवा झाला की नाही, ते मी मागच्याच्या हॉर्नवरून ठरवलं. टायर आरशासारखे चमकतायत तुझे. टायरमधून बघून चालवू का गाडी?”

फडकेबहाद्दरांनी जबाब दिला की, काच गेल्याच आठवड्यात पुसली. मग बाईसाहेबांचे फर्मान सुटले: “सोमवारी सकाळी काच स्वच्छ दिसली नाही, तर गाडी पेट्रोल पंपावरच्या धुलाईत घालणार. तो मोठा ब्रश येतो ना गरगरत, त्यात. बाहेरून ब्रश, आतून त्यांचा माणूस. तुझ्या बाटल्यांची मग गरजच नाही.”

हे ऐकून फडकेबहाद्दरांनी चहा अर्धाच टाकून कपबशी दूर सारिली. तो ब्रश म्हणजे काय, हे जाणत्यांसच ठाऊक. शंभर मोटारींचा चिखल आपल्या केसांत बाळगून तो एकशे एकाव्या मोटारीस घासतो, आणि रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे उमटतात, ते जन्मात जात नाहीत. फडकेबहाद्दरांनी ही गोष्ट मातोश्रींस कळविली. मातोश्री शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर न करितां निकाल दिला: “एवढं काय त्यात? केस विंचरून आल्यासारखं वाटेल तिला.”

घरची कुमक तुटली ऐसे समजून फडकेबहाद्दर एकटेच स्वारीस निघाले आणि मोटारीत शिरून उजवा हात सांदीत घातला. काचेचा उतार ऐसा बिकट की मनगट अडले, कोपर डॅशबोर्डावर रुतले आणि बोटे सांदीच्या वीतभर अलीकडे दुमडून राहिली. मग तळहात फिरवून हाताच्या पाठीने पुसून पाहिले, तो बोटांच्या हाडांनी पट्टे ओढिले. मग बाजारातून आणिलेले लांब दांड्याचे तिकोनी हत्यार चालविले. त्याचे डोके जाड, ते सांदीच्या तोंडाशीच अडकून बसले, आणि मागे चंद्रकोरीएवढा मुलूख गनिमाकडेच राहिला. फडकेबहाद्दर बाहेर आले तेव्हां त्यांची मान डावीकडे वळत नव्हती.

मोबाइलवर त्यांच्यासारख्याच शौकिनांचा एक दरबार भरत असे. तेथे त्यांनी मसलत मागितली की, चाकूसारखे पातळ, गालासारखे मऊ आणि अंगठ्यासारखा दाब देणारे हत्यार कोठे मिळते? दरबारातून उत्तर आले की, मिळत नाही. परंतु विषय निघाला म्हणून प्रत्येक सरदाराने आपल्या मनातले न जन्मलेले हत्यार जाहीर केले. एकास ऐसी बादली हवी, जी तळचा खडा वर आला की ओरडेल. एकास ऐसे फडके हवे, जे हातून निसटले तर जमिनीस न टेकतां अधांतरी थांबेल, कारण टेकलेले फडके पुन्हा रंगास लावणे या पंथात पाप. एक दंतवैद्य होते. त्यांनी लिहिले की, आपणांस फक्त ऐसे लेबल हवे, जे नव्या बाटलीस लाविले असतां ती घरातल्यांस जुनीच दिसेल. या एकाच मागणीस सर्व दरबाराने अंगठे उंचावून सलामी दिली. फडकेबहाद्दरांचे हत्यार तैसेच राहिले.

शनिवारी सकाळी ते उदास मनाने स्वयंपाकघरात उभे होते. मातोश्री तव्याशी होत्या आणि त्यांच्या हाती कालथा होता. फडकेबहाद्दरांनी पाहिले की, पाते पातळ, दांडा लांब, आणि दोहोंच्या मध्ये मान जराशी वाकडी, सांदीच्या उतारास हवी नेमकी तितकीच. मातोश्री मीठ घेण्यास वळल्या आणि फिरून पाहतात तो कालथा नाही. पुढे तो सापडला तेव्हां जिन्यात होता. पात्यावर स्पंजाची चकती, स्पंजावर मऊ फडके, फडक्यावर ताणून रबर, ऐसा पोशाख जाला होता.

मातोश्री म्हणाल्या, “कालथ्याला चड्डी कुणी घातली?”

“आई, हत्यार आहे ते.”

“हत्यार असू दे. तव्यावरचं करपलं तर तूच खाशील.”

ते त्यांनी कबूल केले आणि कबुलीप्रमाणे खाल्ले. मग कालथा सांदीत गेला, आणि जेथे बोट पोहोचले नव्हते तेथे पाते सरसर पोहोचले. आतून पुसले ते उभे आणि बाहेरून पुसले ते आडवे, म्हणजे डाग राहिला तर तो कोणत्या अंगाचा हे तत्काळ कळावे. दोन प्रहरी काच नाहीशी जाली. एक माशी येऊन तीवर आदळली, ते फडकेबहाद्दरांनी प्रशस्तिपत्र मानिले आणि फत्तेच्या आनंदात डॅशबोर्डाचा सन्मान केला. त्यांच्या कोठारात लिंबाच्या वासाचे एक चमकदार तेल होते, ते त्यांचे लाडके. त्याचा हात त्यांनी डॅशबोर्डावर दोन वेळा फिरविला.

रविवारी मोटार दिवसभर उन्हात होती. संध्याकाळी बाईसाहेब पाहणीस उतरल्या. सूर्य कलून काचेसमोर आला होता, आणि काच पुन्हा दुधासारखी पांढरी.  त्यांनी पर्स उघडून पंपाच्या धुलाईचे कूपन फडकेबहाद्दरांस दाखविले, पुन्हा आत ठेविले आणि वर निघून गेल्या. ती शिस्त पाहून बाल्कन्यांतून पाहणारे शेजारीही हसले नाहीत.

फडकेबहाद्दर खचले आणि दार उघडून जे पहिले आसन मिळाले त्यावर बसले. ते बाईसाहेबांचे आसन. पुढे ओढलेले, म्हणून गुडघे छातीशी आले. या जागी ऊन समोर घेऊन ते आजवर कधी बसलेच नव्हते. मोटारीकडे त्यांनी नेहमी बाहेरून पाहिले. समोर रस्ता होता, परंतु दिसेना. काचेत त्यांचा तो चकचकीत डॅशबोर्डच उलटा पडला होता, आणि त्यावर साय. त्यांनी बोट लावून पाहिले. बोट निसरडे जाले. नाकाशी नेले, तो लिंबाचा वास.

तेव्हां सारी फितुरी उघडी पडली. उन्हाने डॅशबोर्ड तापे, तेल वाफ होऊन उडे आणि काचेवर जाऊन बसे. जितकी चमक अधिक तितकी साय दाट. गनिमास रसद आपल्याच कोठारातून जात होती, आणि पोहोचविणारे आपणच.

मग त्यांनी जे केले ते कालथ्याच्या पराक्रमाहून मोठे. साबणाचे कोमट पाणी आणून ती चमक आपल्या हाताने उतरविली. पहिल्या पुसण्यास उतरेना म्हणून दुसऱ्यांदा पुसले आणि तिसऱ्यांदाही. डॅशबोर्ड धुतल्या पाटीसारखा निस्तेज जाला. वरून बाईसाहेबांनी हाक मारिली, “अरे, जेवायला येतोस ना?” आणि फडकेबहाद्दरांनी खालून कळविले की, ताट झाकून ठेवावे. मग दिवा हाती घेऊन कालथ्याने सांद पुन्हा साफ केली.

सोमवारी बाईसाहेब सूर्याकडे तोंड करून निघून गेल्या. फडकेबहाद्दर कचेरीत आले आणि अपघाताचे दावे तपासू लागले. पहिल्याच दाव्यात लिहिले होते की, समोरून ऊन आल्याने दिसले नाही. हे वाक्य त्यांनी आजवर शेकडो वेळा वाचून खाली शिक्का मारिला होता. त्या दिवशी शिक्का हातात तैसाच राहिला. ओरखड्यांचा विचार मनास शिवला नाही. त्यांनी दोन वेळा मोबाइल उचलला आणि, गाडी चालवीत असेल, म्हणून दोन्ही वेळा खाली ठेविला.

संध्याकाळी मोटार आली ती छतापर्यंत चिखलाने माखून. बाईसाहेब उतरल्या आणि वाटेतल्या खोदकामाबद्दल, नव्या साहेबांबद्दल आणि कचेरीतल्या पाणचट चहाबद्दल बोलत जिना चढू लागल्या. फडकेबहाद्दर मागोमाग. तिसऱ्या मजल्यावर धीर करून त्यांनी विचारिले, “आणि काच?”

“कुठली काच?”

“अगं, पुढची.”

“अच्छा, ती होय! आज आठवलीच नाही रे.” आणि पुढे सांगितले की, कूपन साहेबांना देऊन टाकलं, त्यांची गाडी फार मळली होती.

त्या अनोळखी मोटारीसाठी फडकेबहाद्दरांनी जिन्यातच क्षणभर मौन पाळिले. मग ते खाली जाऊन चिखलाची मोटार उगीच पाहून आले, आणि त्या संध्याकाळी तिला हात लाविला नाही.

येणेप्रमाणे पुढल्या काचेची मोहीम फत्ते जाली. लूट मिळाली नाही, किताब मिळाला नाही. मोटारीस चमक होती ती उणी जाली. ज्यांच्यासाठी लढाई जाली त्यांस काच आठवली नाही, आणि हीच फत्ते. दिसत नाही ऐसी गोष्ट लोक विसरतात, सबब येथे लिहून ठेविली आहे.