गोदाची राखण

पहाटे पाच वाजता सुवर्णाने नवऱ्याच्या कॅमेऱ्याच्या बॅगेशेजारी पाच वर्षांची लेक गोदा आणून उभी केली.

"माझी मनमाडला ड्यूटी आहे. हिला घेऊन जा."

"अगं, मी फोटो काढायला पाणथळीवर चाललोय! आज शेवटचा दिवस आहे!"

"मग शेवटच्या दिवशी दोघं जा."

छायाचित्रकार मंडळाच्या कॅलेंडरसाठी समर्थ पाच वर्षं निसर्गाचे फोटो पाठवत होता. पाचही वर्षं अध्यक्ष निसारसरांनी ते परत पाठवले होते. यंदाही नाही जमलं तर कॅमेरा माळ्यावर जाणार, असं सुवर्णाने जाहीर करून टाकलं होतं. फोटो दुपारपर्यंत द्यायचा होता.

निफाडच्या पुढे नदीकाठी दोघं पोचली, तेव्हा पाण्यावर धुकं होतं. तोवर गोदाला दोनदा शू लागली आणि तिची एक चप्पल चिखलाने गिळली. खांद्यावर ट्रायपॉड, कडेवर पोरगी, अशा अवस्थेत समर्थने एकदाची जागा गाठली.

"इथं अजिबात बोलायचं नाही," तो कुजबुजला. "पक्षी येतात का, तिकडं लक्ष ठेवायचं."

"आले की?"

"आले की बघतो आपण. तू नीट लक्ष ठेव."

गोदा तासभर हूं की चूं न करता बसली. समर्थला लेकीचा इतका अभिमान आजवर कधी वाटला नव्हता. मग धुकं विरलं, पाणी सोनेरी झालं आणि शेकडो बदकं अगदी समोर उतरली. त्याचे डोळे भरून आले. त्याने श्वास रोखून बटणावर बोट ठेवलं.

आणि खाऊच्या स्टीलच्या डब्यावर चमचा खणाणला.

"हुर्रर्र! हाऽऽ! हाऽऽ!"

सगळा थवा उडाला. समर्थ दचकून चिखलात बसला. फोटोत आला तो त्याचा स्वतःचाच बूट.

तेवढ्यात शेजारच्या गवतातून सहा टोप्या उभ्या राहिल्या. ही मंडळी चारपासून दबा धरून बसली होती. मधली टोपी निसारसरांची होती.

"कुणाचं लेकरू आहे हे?"

नाही म्हणावं, असं समर्थला क्षणभर खरंच वाटलं. पण गोदा त्याच्याकडेच धावत आली.

"पप्पा, सगळे उडवले! आजोबांच्या बागेत उडवते ना, तस्से! एकपण नाय राहिला!"

समर्थच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याचे सासरे सावळीराम यांची द्राक्षबाग होती. द्राक्षं पिकली की घरातली पोरं डबे बडवून पाखरं हाकलत, आणि आजोबा प्रत्येकाची पाठ थोपटत. गोदा आता तशीच पाठ पुढे करून उभी होती.

कॅलेंडर गेलं होतं. यंदाचं गेलं होतं आणि पुढची सगळीही गेली होती. समर्थला मोठ्याने रडावंसं वाटलं. पण लक्ष ठेव असं तिला सांगितलं होतं कुणी? त्यानेच.

"शाब्बास," तो कसाबसा म्हणाला आणि त्याने तिची पाठ थोपटली.

गोदा खुलली. "ते बघा, त्या बेटावर अजून बसलेत!" म्हणत ती डबा घेऊन काठाकाठाने सुटली.

निसारसरांचा धीर सुटला. मंडळात कधीही आवाज न चढवणारा तो शांत माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला, "ए बेटा! थांब! थांऽऽब!"

बेटावरचा शेवटचा पक्षीही उडाला.

गोदा जागीच थांबली. तिने रिकाम्या बेटाकडे बघितलं, मग निसारसरांकडे. त्यांची पाठ थोपटायला तिचा हात पुरणार नव्हता, म्हणून तिने परत येऊन त्यांचा गुडघाच थोपटला.

"शाब्बास," ती म्हणाली.