भागीताईच्या जागी कुंडी

कुटुंबाचा इतिहास कागदावर ठेवला तर त्याला वाळवी लागते आणि माणसांच्या तोंडी ठेवला तर त्याला पाय फुटतात. म्हणून सुज्ञ माणसानं तो घरच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवावा. तिथे तो सुरक्षित राहतो, आणि मुख्य म्हणजे दुरुस्त करता येतो.

आमच्या घरात ही दूरदृष्टी प्रथम योगेशदादाला आली. दादा सरकारी कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाला आहे. कागद हाती लागला की त्याचं काहीतरी केल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यानं जुना स्कॅनर आणला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मला, म्हणजे धाकट्या भावाला, काचेवर फोटो पालथे घालण्याच्या पदावर नेमलं. (पद मानद. चहा स्वतःचा स्वतः करून घ्यायचा.)

या प्रकल्पाकडे आईची एकच मागणी होती. आईचं, म्हणजे नवसाबाईचं, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं.

"वणीचा फोटो तेवढा मोठा करून दाव," ती म्हणाली. "गडाच्या पायरीवरचा. भागी लय बारीक व्हती तव्हा. तिचं तोंड मला नीट पाह्यचंय."

भागीताई आमची बहीण. दोन वर्षं ती या घरात आलेली नाही. तिला कोणी अडवलेलं नाही. फक्त तिचा नंबर दादानं आईच्या फोनातून काढून टाकला आणि सोसायटीच्या वॉचमनला दोन शब्द सांगून ठेवले. तिचा गुन्हा असा, की वडील गेल्यावर विंचूरच्या जमिनीसाठी आम्ही हक्कसोडपत्र तिच्यापुढे ठेवलं, सोबत पैठणीही ठेवली, आणि तिनं पैठणी परत केली. सहीही केली नाही. "कायद्यानं माझा वाटा हाय, तो राहू द्या," एवढंच म्हणाली. विंचूरला वाइन पार्क झाल्यापासून तिकडच्या जमिनीला बरे दिवस आलेत. असं बोलणारी बहीण कोणत्या भावाला परवडेल?

एकूण चारशे बारा फोटो स्कॅन झाले. नऊ फोटो अल्बमच्या चिकट पानांनी सोडले नाहीत. ते पानासकट स्कॅन केले. दादानं प्रत्येकाला आवक क्रमांक दिला. मग मूळ फोटोंचं काय, हा प्रश्न उभा राहिला. वाडवडिलांचे फोटो रद्दीत घालायचे म्हणजे पाप. म्हणून देवांच्या जुन्या तसबिरी जिथे सोडतात तिथेच, रामकुंडावरच्या निर्माल्य कलशात, आम्ही ते हात जोडून सोडले. वहिनींनी वर झेंडूची फुलं वाहिली.

यानंतर दुरुस्तीचा टप्पा. दादानं मोबाइलवर व्हिडिओ पाहून माणसं काढण्याची विद्या सहा दिवसांत हस्तगत केली. तपासणीत एकसष्ट फोटोंमध्ये भागीताई आढळली. पैकी सतरा फोटोंत ती कडेला असल्यानं कात्रीवर भागलं. सहा फोटोंत ती पाठमोरी होती. तिथे 'ओळख पटत नाही' असा शेरा मारून तिला राहू दिलं. (दादा अन्यायी नाही.) उरलेल्या अडतीस फोटोंत मात्र ती बरोबर मध्ये उभी होती. माणूस काढलं की मागे भोक पडतं आणि तिथे काहीतरी ठेवावं लागतं. दादानं गॅलरीतल्या क्रोटनच्या कुंडीचा एक चांगला फोटो काढला आणि तीच कुंडी अडतीस ठिकाणी बसवली.

परिणाम देखणा होता. एकोणऐंशी सालच्या राखीपौर्णिमेला आम्ही दोघं भाऊ कुंडीपुढे हात करून बसलो आहोत. भागीताईच्या लग्नात नवरदेव कुंडीला हार घालतो आहे. हा फोटो काढूनच टाकावा असं मी सुचवलं. पण त्यात दादाचा फेटा फार छान आला आहे.

एकाच फोटोच्या दोन प्रती ठेवणं म्हणजे जागेची उधळपट्टी. म्हणून प्रत्येक दुरुस्ती मूळ स्कॅनवरच सेव्ह झाली. फोटो पालथे घालणाऱ्याला मत नसतं, आणि जमिनीत मलाही वाटा आहे.

रविवारी आईला खुर्चीवर बसवून दादानं वणीचा फोटो पडदाभर मोठा केला. पायऱ्या, तरुण आई, डोक्यावर पदर. आई पुढे झुकली. कुंडीवर बोट ठेवून म्हणाली, "ह्ये काय हाय?"

"झाड आहे, आई."

"गडाच्या पायरीवर झाड? अन् माझा हात कशावर हाय?"

हात कुंडीतल्या पानांवर होता. भागीताईच्या डोक्यावरून तो काढायचं दादाच्या लक्षात राहिलं नव्हतं. दादानं घसा साफ करून सांगितलं, की ताईनं सही केली नाही, तेव्हा घराच्या रेकॉर्डमध्ये तिला ठेवता येत नाही.

आईनं पडद्यावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "मंग मलाबी काढ. लय मोठं झाड लाव. अन् उद्या कचेरीत आंगठ्याला मी येणार नाय." वडिलांच्या वाट्यातला आईचा हिस्साही आमच्या नावावर व्हायचा होता, त्यासाठी सोमवारची वेळ ठरली होती.

मला लाज वाटली. दादाला घाम फुटला. त्यानं भागीताईला तात्काळ परत बसवण्याचा निर्णय घेतला. पण परत बसवायला ती आमच्याकडे कुठेच शिल्लक नव्हती. सहा पाठी तेवढ्या होत्या.

मी जिन्यात जाऊन तिला फोन लावला. नंबर पाठ होता, हे तेव्हा कळलं. म्हटलं, "ताई, तुझ्याकडे जुने फोटो आहेत का गं?"

"हायेत की," ती म्हणाली. "सगळ्यांचे. मी कुणाला काढलं नाय." मग म्हणाली, "आईला दिसतंय का आता?"

मी दादाला सांगितलं. दादा म्हणाला, तिच्याकडून फोटो मागवू नकोस, उद्या कोर्टात ती पुरावा म्हणून लावेल. आई अजून कुंडीसमोरच बसून होती.

वाचकहो, आम्हाला नावं ठेवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तुमच्या घरच्या अल्बममध्ये बहीण प्रत्येक फोटोत जागच्या जागी असेल, हसतही असेल. असणारच. तिनं सही केली आहे ना.