बारा कोंबड्यांचा ठराव

मंगळवारी सकाळी सव्वासहाला खुराड्याचं दार आपोआप वर सरकलं आणि फत्तेसिंगांच्या बारा कोंबड्या एकामागून एक बाहेर आल्या. मग तेरावी आली.

फत्तेसिंगांनी तोंडातला ब्रश तोंडातच ठेवून पुन्हा मोजल्या. तेराच. बारा तांबड्या, आणि एक काळी, उघड्या मानेची, लॉजवर रात्र काढून निघालेल्या पाहुण्यासारखी ऐटीत.

"अंबू! कुणीतरी आपल्याकडं कोंबडी टाकलीय!"

अंबुबाई कणीक मळत होत्या. "कोंबड्या नेणारे चोर ऐकलेत बाई. आणून ठेवणारा पहिलाच. असेल कुणी सज्जन."

"सज्जन कसला? डाव आहे हा. गुंडूअण्णाचा."

संशयाला कारण होतं. जयनगरच्या त्या गल्लीतल्या रहिवासी संघानं ठराव केला होता: फत्तेसिंगांनी परसात फार तर बारा कोंबड्या पाळाव्यात, तेरावी दिसली तर त्याच दिवशी खुराडं हटवावं. ठरावाची भाषा संघाचे सेक्रेटरी गुंडूराव यांची. गुंडूराव म्हणजे मधल्या चार फुटी भिंतीपलीकडचेच शेजारी. तीस वर्षं सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या फायलींतल्या चुका शोधून निवृत्त झालेले. येत्या रविवारी संध्याकाळी संघ पाहणीला येणार होता. आणि शिवाजीनगरातलं ताडपत्रीचं दुकान बंद केल्यापासून फत्तेसिंगांचं बोलणं पुरतं ऐकून घेणारं जगात त्या बारा कोंबड्यांखेरीज कुणी उरलं नव्हतं.

खुराड्याची यंत्रणा नवी होती. महादेवपुऱ्यात नोकरी करणाऱ्या विराटनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, महिन्यापूर्वीच बसवून दिली होती.

"अप्पा, नीट ऐका," तो म्हणाला होता. "वायर पाइपातून घेतलीय, कोंबड्या टोचणार नाहीत. खाली भुसा आहे म्हणून दिवा उंच टांगून जाळी लावलीय. संध्याकाळी सहाला दिवा लागेल, उजेड बघून त्या आपणहून आत येतील. पावणेसातला दार उतरेल. मध्ये काही आलं तर परत वर जाईल. नंतर दिवा हळूहळू मंद होईल. एकदम अंधार झाला तर त्यांना बसायची काठी दिसत नाही. पण रोज मोजायचं हं. मशीन दार लावतं, मोजत नाही."

"मोजायचं मीच, तर मशीन कशाला?" असं म्हणून फत्तेसिंग रोज संध्याकाळी सहाला टीव्हीसमोर बसू लागले. त्यामुळे तेरावी आत कशी आली ते कुणीच पाहिलं नव्हतं.

त्यांनी काळी उचलली, भिंतीपाशी गेले, इकडंतिकडं पाहिलं आणि ती गुंडूरावांच्या केळीखाली अलगद सोडली. बुधवारी सकाळी दार वर सरकलं. तेरा.

पुन्हा काळी भिंतीपलीकडं. या वेळी हात मागं घेतात तोच पलीकडून गुंडूरावांचं डोकं वर आलं.

"काय फत्तेसिंगराव, हल्ली लवकर उठता?"

"उठावं लागतं, अण्णा. रात्रीत काय काय येऊन पडतं."

"येऊन पडतं, की नेलं जातं?"

"नेलेलं कुणी परत देतं का, अण्णा?"

"अगदी हेच! अगदी हेच मला कळत नाही," गुंडूराव डोळे बारीक करून म्हणाले. "रात्रपाळीपुरतं न्यायचं, काम करून घ्यायचं आणि सकाळी परत टाकायचं. ह्याला काय म्हणावं?"

फत्तेसिंग तरातरा आत आले. "अंबू, त्यानं कबूल केलं!"

"काय कबूल केलं?"

"ते कळलं नाही. पण केलं."

गुरुवारी सकाळी पाठवणीच्या आधी त्यांनी काळीच्या उजव्या पायाला हिरवा दोरा बांधला. हीच परत येते की अण्णाकडं अशा कोंबड्यांचं पोतं आहे, एवढं तरी कळावं. शुक्रवारी ती आली. उजव्या पायात हिरवा दोरा, डाव्या पायात पिवळा.

"उत्तर पाठवलंय," फत्तेसिंग कुजबुजले.

"स्वल्प लाज बाळगा," अंबुबाई म्हणाल्या. "सरळ जाऊन विचारा की, ही कोंबडी तुमची का म्हणून."

"विचारलं म्हणजे तेरावी आहे हे मीच सांगितलं! तो वहीत लिहून घेईल. अगं, त्याला तेच तर हवंय. त्या घरात लसूण आणताना पिशवीत दडवून आणतात, तिथं कोंबडी कुठली? खास माझ्यासाठी आणवलीय त्यानं."

शनिवारी संध्याकाळी ते काठी घेऊन पुढच्या फाटकाशी बसले. चोर येणार तो फाटकातून, असा हिशेब. दूधवाला बिचकला, कुरिअरवाला पार्सल बाहेरूनच फेकून पळाला; बाकी कुणी आलं नाही. आणि रविवारी सकाळी तेरा.

"अण्णाकडं मागच्या दाराची किल्ली आहे," फत्तेसिंगांनी निकाल दिला.

"आपल्याला मागचं दारच नाही," अंबुबाई म्हणाल्या.

रविवारी सहाच्या ठोक्याला खुराड्यातला दिवा लागला आणि सव्वासहाला संघ आला. संघ म्हणजे अध्यक्ष मल्हारराव, हातात बॅटरी; आणि सेक्रेटरी गुंडूराव, काखेत वही. मल्हाररावांनी वायरीचा पाइप वाजवून पाहिला, दिव्याची जाळी पाहिली, भुशापासून अंतर विचारलं. "सरी, ठीक. उत्तम आहे," ते म्हणाले. गुंडूरावांचं मात्र वायरीकडं लक्ष नव्हतं. ते वाकून कोपऱ्यातल्या टोपलीत डोकावत होते.

"फत्तेसिंगराव, अंडी तुम्ही किती वाजता काढता?"

"का?"

"सहज. नोंदीसाठी."

फत्तेसिंगांचा संशय दुप्पट झाला. ते दाराशी हात पसरून उभे राहिले. आज आत हात घालणाऱ्याचं मनगटच धरायचं. एकेक तांबडी आत गेली. बारा झाल्या. सहा चव्वेचाळीस झाले. घाम फुटलेले फत्तेसिंग गुंडूरावांच्या दोन्ही हातांकडं टक लावून बघत होते, आणि गुंडूराव, कोण जाणे का, फत्तेसिंगांच्या.

तेवढ्यात भिंतीवर फडफड झाली.

काळी आली. भिंतीवर क्षणभर उभी राहिली, उजेडाकडं पाहिलं, खाली उतरली, आणि दोन्ही पायांतले दोरे मिरवत, अध्यक्षांच्या चपलेवरून, फत्तेसिंगांच्या पसरलेल्या हातांखालून निवांत आत शिरली. दार उतरू लागलं ते तिच्या शेपटीला टेकलं, थबकलं, अदबीनं परत वर गेलं. तिनं शेपूट आत ओढली. दार लागलं.

मग पलीकडून आवाज आला आणि भिंतीवर गुंडूरावांच्या बायकोचं, भागीरथीबाईंचं डोकं उगवलं.

"अहो, कोंडून ठेवा म्हटलं होतं ना! गेली बघा आजही तिकडंच! डॉक्टरांनी रोज एक खायला सांगितलंय, आणि तुम्हाला सहा दिवसांत एक मिळेना. त्या फत्तेसिंगाला..." एवढ्यात त्यांना खाली उभी असलेली मंडळी दिसली. "...रोज एक पेरू," असं म्हणून डोकं मावळलं.

मल्हाररावांनी बॅटरी हळूच सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर धरली.

खरं एवढंच होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडं आणलं तर अख्खी गल्ली बघणार, म्हणून गुंडूरावांनी एका अंड्यासाठी अख्खी कोंबडी आणली आणि पंपाच्या खोलीत लपवली. पंपाची खोली अंधारी. दिवेलागणीला ती फटीतून निसटायची आणि जिथं उजेड नि सोबत दिसेल तिथं जायची. शेजारी आपल्या कोंबडीला रात्रीपुरती नेऊन अंडं काढून घेतो, अशी गुंडूरावांची खात्री झाली होती; आणि तक्रार करायची तर आधी कोंबडी कबूल करायला हवी.

"तेरा झाल्या," मल्हारराव म्हणाले. "ठरावाप्रमाणे..."

"ही माझी नाही!" फत्तेसिंग ओरडले. "शप्पथ सांगतो. ज्याची असेल त्यानं न्यावी. आत्ता. सगळ्यांसमोर."

आता गुंडूरावांनी काय करावं? पुढं होऊन काळी काखेत मारली तर उद्या सकाळी सगळी गल्ली डॉक्टरांचं नाव विचारणार. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि जाळीतून आत पाहत मोजायला लागले. दिवा एव्हाना मंद होत आला होता.

"...दहा. अकरा. बारा." त्यांनी वही उघडली. "बारा."

"आणि ती काळी?" मल्हारराव म्हणाले.

"कुठली काळी?"

"ती काय, काठीवर मधोमध! पायांत दोरे बांधलेली!"

"सावली आहे, अध्यक्ष. दिवा हलतोय."

"अहो, माझ्या चपलेवरून गेली ती!"

"सावलीच जाते चपलेवरून," गुंडूराव म्हणाले आणि सही ठोकून मोकळे झाले. सेक्रेटरीची मोजणी अंतिम, हा नियमही त्यांनीच पूर्वी करून ठेवला होता. मल्हारराव बॅटरी विझवून, मान हलवत घरी गेले.

"वाचलो की हो," अंबुबाई म्हणाल्या.

"वाचलो कसले? त्यानं सही का केली?" फत्तेसिंगांना रात्रभर झोप लागली नाही.

सोमवारी त्यांनी काळीला घालवायची घाई केली नाही. नऊ वाजता टोपलीतलं एक तांबूस अंडं उचलून भिंतीवर ठेवलं आणि खाकरले. पलीकडून हात आला.

"डोक्याला लावायला लागतं," गुळगुळीत टकलावरून दुसरा हात फिरवत गुंडूराव म्हणाले.

"लावा की, अण्णा."

गुंडूरावांनी अंडं उन्हात धरलं. फिरवून पाहिलं. दोन्ही टोकं तपासली. मग ते परत भिंतीवर ठेवून त्यांनी फत्तेसिंगांकडं एकटक पाहिलं.

"फत्तेसिंगराव, हे आमचं नव्हे. आमचं जरा लहान नि पांढरं असतं."