मुकुंदाचं शुभकार्य

आमच्या मुकुंदाच्या घरी गेलं की पाय नाही धुतले तरी चालतं, डोळे मात्र धुवावे लागतात. दाराशीच बादली आणि तांब्या ठेवलेला असतो. "आधी नजर धुऊन घ्या," म्हणत तो स्वतः तुमच्या ओंजळीत पाणी ओततो. बाजारात, ऑफिसात नाही नाही ते बघून आलेले डोळे थेट चित्राला लावायचे नसतात, असं त्याचं म्हणणं. परभणीच्या उन्हात निम्मे लोक ते पाणी पिऊन टाकतात. उरलेले पुन्हा येत नाहीत.

मुकुंदा एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो. म्हणजे गणिताच्या मास्तरांनी तास मागून घेतला नाही तर शिकवतो. पन्नाशीला टेकलाय, लग्न केलेलं नाही, आणि कितीतरी वर्षं एकच चित्र काढतोय. ते चित्र काळं आहे. विचारलं की सांगतो, "ही आपली काळी माती. नांगरलेली." शेजारच्या तितक्याच काळ्या चौकटीकडे बोट दाखवलं की म्हणतो, "ती नांगरायच्या आधीची." दोन्हींत फरक दिसत नाही म्हटलं, तर मुकाट्यानं तांब्या पुढं करतो.

या मातीचं तो दरवर्षी प्रदर्शन भरवतो. मीही दरवर्षी जातो, कारण आम्ही एका बाकावर शिकलो आणि मी गेलो नाही तर तो चित्रं घेऊन घरी येतो. मागच्या खेपेला मी, हॉलचा रखवालदार आणि पत्ता चुकलेला एक विमा एजंट, एवढेच रसिक होतो. जाताना मी सईला, माझ्या मुलीला, सोबत नेतो. ती दुसरीत आहे. लहानपणापासून कलेचे संस्कार व्हावेत वगैरे बायकोला सांगायला ठीक आहे. खरं म्हणजे दहा मिनिटांत "पोरगी कंटाळली रे" म्हणून निसटता येतं.

यंदा मुकुंदानं पत्रिका छापल्या. वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, मध्ये सोनेरी अक्षरांत 'आमचे येथे श्रीकृपेकरून चि. मुकुंद यांचे शुभकार्य योजिले आहे'. खाली मिनिटासकट मुहूर्त, मंगल कार्यालयाचं नाव आणि 'भोजनास अवश्य थांबावे'. चित्रप्रदर्शन हा शब्दही होता, पण पार तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. छापखान्यात लग्नपत्रिकेशिवाय दुसरा साचाच नसणार, असं मी धरून चाललो. पन्नाशीचा तो चिरंजीव बघून आम्ही नवराबायको पोट धरून हसलो.

कार्यालयात पोचलो तर आत शिरायला जागा नाही. मुकुंदाचे बोरीचे भाऊबंद फेटे बांधून जीपनं आले होते. पालमहून मावसभावाचं सगळं खटलं एसटीनं उतरलं होतं. चुडाव्याच्या आत्याबाई पहाटेच्या गाडीनं आल्या होत्या, पिशवीत नवरीसाठी घेतलेलं हिरवं लुगडं. आणि दारात नव्या सफारीत मुकुंदा उभा, एका हातात गुलाबदाणी, दुसऱ्या हातात तांब्या. "या, या. नजर धुऊन घ्या." कलाकार माणसाच्या लग्नात असलाही रिवाज असेल, असं समजून भाऊबंदांनी निमूटपणे डोळे धुतले. आत गेले आणि चारी भिंतींवर ते काळं बघून जागीच थांबले.

मुहूर्त टळला. अक्षता वाटायला कोणी येईना. एका फेटेवाल्यानं मला बाजूला घेऊन मुलीकडचे कुठल्या गावचे, म्हणून चौकशी केली. दुसऱ्याकडे नवरी पळून गेल्याची पक्की खबर होती. सई तर तिला स्वयंपाकघरातसुद्धा शोधून आली. शेवटी आत्याबाईंनीच मुकुंदाला गाठलं.

"मुकुंदा, नवरी कुठं हाय?"

"नवरी नाही, आत्या. चित्रं आहेत. मी काढलेली."

आत्याबाईंनी एकदा सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली. "शुभकार्यात एवढं काळं कोण लावतंय बाबा," म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. लुगड्याची पिशवी त्यांनी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

भाऊबंद खवळले. कापूस वेचायचा सोडून आम्ही ही ढेकळं बघायला आलो का, ती काय आमच्या रानात नाहीत, असा एकूण सूर होता. तेवढ्यात पानं मांडल्याची हाक आली आणि कलेवरचा राग बराच निवळला. आल्या पावली परत जातो म्हणणारे पहिल्या पंगतीत बसले. मीही बसलो. वांग्याची भाजी झकास झाली होती, आणि चित्रांकडे पाठ करून जेवायची सोय होती.

हात धुतले आणि निघावं म्हणून सईला शोधत दाराबाहेर आलो. एक चप्पल पायात घातली, तेवढ्यात ती दिसली. पायरीवर मुकुंदाला चिकटून बसली होती. मुकुंदाच्या मांडीवर कागद होता. समोर चपलांचा ढीग पडला होता, बोरीच्या, पालमच्या, चुडाव्याच्या, एकीवर एक. तो त्या ढिगाचं चित्र काढत होता आणि कुठली राहिली ते सई त्याला बोटानं दाखवत होती.

"छापखान्यानं तुझा घात केला रे," मी म्हणालो.

"छापखान्याचं काही चुकलं नाही. मीच तशी छापून घेतली." त्यानं मान वर केली नाही. "प्रदर्शनाला कोण येतंय? लग्न म्हणलं की माणूस हातातलं काम टाकून येतो."

लोक भयंकर चिडलेत, हे मी त्याला सांगून बघितलं.

"चिडू दे. माझ्या दारात एवढ्या चपला आजच बघायलोय मी." मग जरा दबक्या आवाजात म्हणाला, "आत जाऊन सांग ना, सावकाश जेवा म्हणावं. बुंदी लय आहे. माझ्या अजून निम्म्यासुद्धा काढून झाल्या नाहीत."

मला फार वाईट वाटलं. मी पाय चपलेतून काढून घेतला आणि चप्पल होती तिथं ठेवून दिली.

"बाबा, ती तिरकी होती," सई म्हणाली.

मी ती तिरकी केली आणि आत बुंदी वाढायला गेलो.