रंगरावांनी झाकली दौलत पाताळदेशास दाखविली त्याची हकीकत

श्री. वाचणाऱ्यास आयुष्य, ऐकणाऱ्यास शहाणपण आणि लपविणाऱ्यास निर्धास्त झोप लाभो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, चैत्र शुद्ध सप्तमी, सोमवार, ते दिवशी रंगरावांच्या दौलतीत पाताळदेशाहून, म्हणजे ज्यास हल्ली सारे अमेरिका म्हणतात तेथून, खलिता आला, आणि त्या खलित्याने वीस वर्षे झाकलेले उघडे पडले, ते वर्तमान आम्ही जसे पाहिले तसे लिहितो. ही दौलत मंडपाची. मुलूख चार तालुक्यांचा, आणि फौज म्हणावी तर पाच ट्रक, तीन हजार खुर्च्या, कनाती, झालरी, दोन जनरेटर, आणि मखमली सिंहासने सात, तीही भाड्याने देण्याची. या फौजेवाचून त्या मुलखात कोणाचे लग्न लागत नसे आणि कोणा पुढाऱ्याची सभा उभी राहत नसे. दौलतीचे धनी दोघे भाऊ, थोरले रंगराव आणि धाकटे सर्जेराव, कागदोपत्री आठ-आठ आण्यांचे भागीदार. सर्जेराव फौज घेऊन मोहिमेवर जात आणि रंगराव गादीवर बसून खजिना सांभाळीत. आम्ही या दौलतीत कनाती बांधण्यापासून होतो, अक्षर मागाहून शिकलो, म्हणून कागद दिसला की दोनदा वाचतो, आणि दुसऱ्या वेळी बहुधा काहीतरी निराळे दिसते.

रंगरावांची राजनीती एकच, की असलेले दिसू नये. वर्गणीवाले दारात आले की चांगल्या चपला आत जात आणि झिजलेल्या बाहेर येत, आणि दर दिवाळीस धाकट्या भावास बोलावून म्हणत, "यंदा काही राहिलं नाही रे सर्जा. मंदी आहे. खुर्च्या किती मोडल्या बघ." मग सर्जेराव गोदामात जाऊन खुर्च्या मोजून येत, त्या धड असत, आणि ते काही बोलत नसत. न बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय असते हे रंगरावांनी कधी पुसले नाही, आणि आम्ही पुसले असते तर आम्हांस सांगितले नसते.

ऐसियास रंगरावांची एकुलती कन्या केतकीबाई. घाण पाणी शुद्ध करण्याची विद्या शिकून हुशार निघाली, आणि पाताळदेशीच्या विद्यापीठात पुढील विद्येसाठी तिने अर्ज केला, आणि तो मान्य होऊन खलिता आला तो असा, की तुम्हांस घेतले. परंतु एका वर्षाचा खर्च बावन्न लक्ष रुपये आपणाजवळ तयार आहे, असा बँकेचा कागद वैशाख अखेरपर्यंत पाठवावा, मग आम्ही प्रवेशपत्र देऊ, आणि ते घेऊन मुंबईस आमच्या वकिलातीतून व्हिसा घ्यावा. कागद न आल्यास जागा दुसऱ्यास जाईल. रंगरावांनी हे ऐकिले आणि उठून आधी दार लावले.

"हे विद्यापीठ आहे का इन्कमटॅक्सचं खातं?"

"आबा, बाहेरून येणाऱ्या सगळ्यांनाच विचारतात."

"सगळ्यांना विचारतात म्हणजेच काहीतरी आहे. शिकवायच्या आधी खिसा कशाला बघायचा? आपण मंडप देताना बघतो का कुणाचा खिसा?"

"बघता की. अर्धे पैसे आधी घेता."

मग दुसरे दिवशी रंगराव एकटेच, कोणास न सांगता, दौलतीचे हिशेब तपासणारे सीए बिवलकर यांजकडे गेले. आम्ही स्कूटर चालवीत होतो म्हणून आम्हांस कळले. बिवलकर म्हणाले, "रंगराव, तुमची मागली विवरणपत्रं त्या लोकांनी वाचली तर फी घेणार नाहीत, उलट तुम्हालाच मदत पाठवतील." रंगराव खुर्ची पुढे ओढून हळू बोलिले, "बावन्न दाखवता येतील." बिवलकरांनी चष्मा काढिला. "कुठून?" "आहेत." "आहेत म्हणजे कुठं आहेत?" "आहेत म्हटलं ना." मग चहा आला आणि गेला, आणि मग फुटले, की तीन गावांच्या तीन पतपेढ्यांत रंगरावांच्या नावे मिळून नव्वद लक्ष आहेत, आणि ते सारे मंडपाच्या कमाईतले, आणि ते ना सरकारास ठाऊक ना सर्जेरावांस. बिवलकर म्हणाले की नुसता आकडा दाखवून भागत नाही, पैसा कोठून आला हेही कागदावर दिसावे लागते, तरी राहिलेले उत्पन्न आधी दाखवा, कर भरा, दंड भरा, मग तो पैसा उजळ माथ्याने बँकेत आणा. आणि नव्या ताळेबंदावर दोन्ही भागीदारांच्या सह्या लागतील.

"सर्जाची कशाला?"

"आठ आणे त्यांचे आहेत."

"तो न वाचता सही करतो."

"करत होते. गेल्या दोन वर्षांपासून घरी नेऊन वाचतात. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

हे ऐकून रंगराव तडक उठले. परतीच्या वाटेवर दोनदा स्कूटर थांबवून विचारले, "सर्जा तुला काही म्हणतो का रे माझ्याबद्दल?" आम्ही नाही म्हटले. खरेही तेच होते, पण त्यांस पटले नाही.

मग रंगरावांनी निराळीच मसलत केली. तालुक्याच्या गावी मोबाईलच्या दुकानावर एक एजंट बसे, त्याचा धंदा असा, की ज्यांस परदेशी पैसा दाखवावयाचा त्यांच्या खात्यावर महिनाभर आपला पैसा ठेवावा, दाखला निघाला की काढून घ्यावा, आणि शेकडा दोन घ्यावे. म्हणजे घरात नव्वद लक्ष असता रंगराव दुसऱ्याचे बावन्न भाड्याने आणण्यास निघाले, जसे लोक त्यांजकडून सिंहासन नेतात तसे, आणि या युक्तीवर इतके खूश जाहले की त्या दिवशी एजंटास चहाही स्वतः पाजिला. आम्हांस तो मनुष्य बरा वाटला नाही. पैसे मोजताना आमच्याकडे पाहत होता. परंतु केतकीबाईने त्याचा करारनामा पाहिला आणि बापास समोर बसविले.

"आबा, आपल्याकडे पैसे आहेत की नाहीत? एवढंच सांगा."

रंगरावांनी दाराकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले. "आहेत."

"मग दुसऱ्याचे का दाखवायचे?"

"आपले दाखवले तर दिसतील ना!"

"अर्जाखाली मला सही करायची आहे, की हे सगळं खरं आहे म्हणून. खोट्यावर सही करून मी जाणार नाही. नाही गेले तर नाही गेले." एवढे बोलून ती गोदामात गेली आणि उन्हाळी लग्नांची नोंदवही लिहीत बसली, आणि दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशीही तेच. पाताळदेशाचे नावही काढीना. मुदतीस बावीस दिवस उरले. तिच्या मातोश्रींनी रंगरावांस एवढेच सांगितले, "पोरगी उद्यापासून कायमची इथंच बसेल. खुर्च्या मोजील. तुम्हाला तेच हवं होतं का?" रंगराव त्या दिवशी जेवले नाहीत, आणि संध्याकाळी सर्जेरावांस निरोप धाडिला.

सर्जेराव आले आणि मागून त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई आल्या, एक पाय ओढीत, कारण त्यांचा गुडघा दोन वर्षे कामातून गेला होता. रंगरावांनी ताळेबंद पुढे सरकविला आणि म्हणाले, केतकीच्या कामाचा कागद आहे, खाली सही कर. सर्जेरावांनी वरून वाचण्यास आरंभ केला आणि एकेका ओळीवरून बोट खाली आणिले, आणि ते बोट पतपेढ्यांच्या नावांवर येऊन थांबले. 

"दादा, हे कधीपासूनचं?"

"साठत गेलं थोडं थोडं."

"नव्वद लाख, थोडं थोडं?"

प्रमिलाबाई म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन तुम्ही दोनदा पुढं ढकललंत. मंदी आहे म्हणालात. मी देवाला नवस बोलले हो, मंदी जाऊ दे म्हणून."

"मी काय उधळले का? घरासाठीच ठेवले. याच्या हाती दिले असते तर यानं ट्रक घेतला असता."

"घेतलाच असता," सर्जेराव म्हणाले. "ट्रक कमावतो. आणि मुख्य म्हणजे दारात दिसतो."

तेव्हा केतकीबाई पुढे येऊन म्हणाली, "काका, मनाला पटत नसेल तर सही करू नका. माझ्यासाठी तर मुळीच नको."

"तू गप. तुझं भांडण नाही हे." मग भावाकडे वळून सर्जेराव बोलिले, "सही करतो. पण कर आणि दंड भरून जे उरेल त्याचे सरळ दोन भाग. अर्धे माझ्या नावे, माझ्या खात्यावर."

"म्हणजे पोरीच्या आडून तू माझी मान पकडतोयस."

"मान तुझ्याजवळ ठेव दादा. मला आठ आणे दे."

रंगरावांनी तीन दिवस मागून घेतले. त्या तीन दिवसांत काय चालले ते लिहावयास लाज वाटते पण लिहितो. रंगराव पैसे हलवितील या भयाने सर्जेराव सर्वांत मोठ्या पतपेढीसमोरच्या हॉटेलात बसून राहिले, आणि सर्जेराव तेथे कोणाशी बोलतात हे पाहण्यास रंगरावांनी आम्हांस धाडिले. सर्जेरावांनी आम्हांस लांबूनच ओळखून हाक मारिली, "या, बसा. उभं राहून पाळत ठेवू नये, पाय दुखतात," आणि मिसळ खाऊ घातली. हे आम्ही रंगरावांस सांगितले नाही. त्यांनी आमचा शर्ट पाहिला आणि म्हणाले, "रस्सा कुठला हा?"

चौथ्या दिवशी सह्या जाहल्या. कर गेला, दंड गेला, पतपेढ्या मोकळ्या जाहल्या आणि बँकेत आले अडुसष्ट लक्ष, त्याचे दोन भाग चौतीस-चौतीस. तेव्हा कोठे सर्वांच्या ध्यानी आले, की पाताळदेशास दाखवावयाचे बावन्न आणि रंगरावांजवळ उरले चौतीस. फी भरणे दोन हप्त्यांत होते, धंद्यातून भागले असते. दाखविणे मात्र एकदम. मुदतीस चार दिवस होते. रंगराव बँकेच्या बाकावर बसले ते उठेनात. वीस वर्षे असून नाही म्हणण्याची सवय, आता खरोखरच नव्हते, आणि हे सांगितले तरी कोणी खरे मानील याचा त्यांस भरवसा वाटेना. सर्जेराव मान फिरविणार तोच प्रमिलाबाई नवऱ्यास म्हणाल्या, "बघता काय? तुमचाही कागद लावा." सर्जेराव म्हणाले, "काका म्हणून लावतो माझं नाव. पण ऐक दादा, मी दाखवीन. देणार नाही."

"मागितले कुणी?"

"तू मागत नाहीस. तू ठेवून घेतोस."

येणेप्रमाणे दोन भावांची दोन प्रतिज्ञापत्रे आणि बँकेचे दोन दाखले पाताळदेशी गेले, आणि दोनच दिवसांत विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले. यावर रंगरावांस आनंद होण्याऐवजी संशय आला. "इतक्या लवकर? वाचलं तरी का? खरी तपासणी वकिलातीत असणार, बघ." आणि मग वकिलातीसाठी फाइल बांधण्यास आरंभ जाहला, तीत पाच वर्षांचे कागद, ट्रकांच्या किमती, घराचा उतारा, खुर्च्यांची छायाचित्रे, सातही सिंहासने समोरून आणि बाजूने. ज्याने जन्मभर सारे लपविले तो आता काही दाखवायचे राहिले की काय या चिंतेत पडला. पाने दोनशे अकरा भरली. आषाढाच्या आरंभी केतकीबाई मुंबईस निघाली, सोबत रंगराव, आणि माझ्या सहीचे मूळ कागद आहेत ते नजरेआड जाऊ देणार नाही म्हणून सर्जेरावही. उमेदवाराखेरीज कोणास आत सोडीत नव्हते. दोघे भाऊ समोरच्या फुटपाथवर तीन हातांचे अंतर राखून उभे राहिले.

तासाभराने केतकीबाई बाहेर आली, हसत होती. "मिळाला आबा!"

"काय काय विचारलं?"

"काय शिकणार, ते विचारलं. खर्च कोण करणार, विचारलं. मी म्हटलं, वडील आणि काका. म्हणाले, ठीक आहे."

"आणि फाइल?"

"उघडली नाही. मी पुढं केली तर म्हणाले, गरज नाही."

रंगरावांनी फाइल हिसकून घेतली आणि पाने मोजू लागले. "यात काहीतरी काळंबेरं आहे. असं न बघता कोण सोडतं? परत जा, म्हणावं बघून तर घ्या."

"आबा, असं नाही म्हणता येत."

रंगराव भर रस्त्यात फाइल उराशी धरून उभे राहिले. "एक पान बघितलं नाही! मग मी हे सगळं उघडं केलं कुणासाठी?"

सर्जेराव तीन हातांवरून म्हणाले, "मी वाचलं ना दादा. सगळं वाचलं."

सारांश, केतकीबाई श्रावणात पाताळदेशी सुखरूप पोहोचली आणि विद्येस लागली. मंडपाची दौलत एकच राहिली, खजिन्यास किल्ल्या दोन जाहल्या, आणि एकीने कुलूप उघडत नाही. फीच्या दुसऱ्या हप्त्यास रंगरावांस चार लक्ष कमी पडले. रंगरावांनी तोंडाने मागितले नाहीत. सर्जेरावांनी आपण होऊन आणून दिले, आणि पावती घेतली. ती पावती आम्ही लिहिली आणि दोघांनीही ती दोनदा वाचली.