पत्रा तापतो, कोंबडा अवेळी आरवतो

वडील गिरगावात एका छापखान्यात बाइंडर होते आणि त्याच छापखान्याच्या पोटमाळ्यावर आम्ही राहायचो. छापखाना बंद पडला, तेव्हा नोकरी आणि घर दोन्ही एकदमच गेलं. सामान मावशीकडे टाकून आम्ही खोली शोधत फिरू लागलो. प्रत्येक घरमालक आधी विचारायचा, "काम काय करता?" वडील खरं सांगायचे, आणि मालकाला अचानक आठवायचं की खोली तर कालच गेली. अशीच पायपीट करत आम्ही एका दुपारी वसईजवळच्या नायगावहून जूचंद्र गावात पोचलो. तिथे एका फाटकाला पत्र्याची पाटी टांगलेली होती. वडिलांनी ती मोठ्याने वाचली.

"खोली भाड्याने देणे आहे. दुपारी पत्रा तापतो. पाणी एक दिवसाआड. मागे खाजण आहे, ओहोटीला वास येतो. शेजारचा कोंबडा अवेळी आरवतो. विचार करून या."

घर गेल्यापासून वडील त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

फाटकातून गंजीफ्राक घातलेला, मिठासारख्या पांढऱ्या केसांचा एक माणूस बाहेर आला. हिराजीकाका. अर्धं आयुष्य मिठागरावर गेलेलं, आता भाताच्या खाचरात ओळीने खोल्या बांधून मालक झालेले. त्यांनी पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "सगला वाचला ना? आता तुमच्यात काय खोट हाय, ती सांगा."

वडील ओशाळून म्हणाले, "सध्या हाताला काम नाही."

"ते तोंडावर दिसतंय. दिसत नाय असं काय ते सांगा."

वडिलांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "घोरतात. फार."

"मग शेवटची खोली घ्या. तिकडं भिताडापलीकडं नुसतं केलीचं बन हाय."

अशी आम्हाला खोली मिळाली. त्यांनी पगाराचा कागद मागितला नाही की ओळखीचा माणूस मागितला नाही.

हळूहळू काकांची पद्धत कळत गेली. खोली रिकामी झाली की ते चटई आणि तांब्या घेऊन स्वतः तिथे मुक्काम करायचे. "खोलीचा स्वभाव ऱ्हायल्याबिगर कलत नाय," असं म्हणायचे. मुक्काम संपला की बाहेर येऊन, एखाद्या वैद्याने नाडी पाहून सांगावं तसं सांगायचे, "खिडकी रुसते. जोरात ओढायला लागते." की ते पाटीवर चढलं. दुरुस्ती झाली की तेवढ्या ओळीवर पांढरा रंग फासायचे. पाटीवरची ओळ जावी म्हणून ते दुरुस्तीही झटपट करायचे, त्यामुळे आपल्या खोलीतली खोट पाटीवर चढावी म्हणून भाडेकरूंमध्ये चढाओढ लागे. आईने मोरीची तुंबणारी नळी पाटीवर चढवून घेण्यासाठी त्यांच्याकडे रीतसर वशिला लावला होता.

अक्षर त्यांचं वाकडं. मी वसईच्या कॉलेजात जाऊ लागले आणि त्यांची जाहिरातलेखक झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई ते सगळ्यांना सांगायची, आणि मलाही ते सांगायला आवडतं, खोटं कशाला बोलू. काका मला "शिकलेली" म्हणूनच हाक मारत. "काय गो शिकलेली, ये. लिव."

त्या काळी वसई-विरारला इमारती भराभर उठत होत्या. स्थानिक साप्ताहिकाच्या मागच्या पानावर खोल्यांच्या जाहिरातींची दाटी असायची. सगळ्या हवेशीर, सगळ्या स्टेशनपासून पाच मिनिटांवर. त्यात आमच्या काकांची जाहिरात असायची: "स्टेशन लांब. पायी येताना घाम येईल." साप्ताहिकातले गृहस्थ वैतागायचे. "अहो काका, शब्दांचे पैसे पडतात. लोक पैसे देऊन चांगलं छापून घेतात, तुम्ही वाईट कसलं छापता?"

"चांगला डोल्यांना दिसतोच की," काका म्हणायचे. "वाईट लपून बसतो. तो छापायचा."

काकांना हे वेड कुठून लागलं, ते गावात सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्यांच्यासमोर कुणी बोलायचं नाही. त्यांना बायको नव्हती, ती लवकर गेलेली. एकुलती एक मुलगी, मंदाताई. तिचं लग्न ठरवताना मध्यस्थाने सांगितलं होतं, मुलगा कायम नोकरीत, विरारला स्वतःचा फ्लॅट, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. फ्लॅट भाड्याचा निघाला, नोकरी निघालीच नाही, आणि सुपारीचं तेवढं खरं होतं, कारण तो दारू प्यायचा. वर्षाच्या आत मंदाताई परत आली. कोर्टातून सुटका झाली. मग ती गोखिवऱ्याला एका गाळ्यात प्लास्टिकचे कंगवे पॅक करायला जाऊ लागली. घरी आली की बोलायची, हसायची, पण कुणी लग्नाचा विषय काढला की उठून पाणी भरायला जायची. त्या दिवशी नळाला पाणी असो वा नसो.

विमेवाले परब आले ते याच सुमाराला. कोकणातला माणूस, विरारला राहणारा, पस्तिशीतला, बिनलग्नाचा, चामड्याची बॅग छातीशी धरून चालायचा. घरांचे विमे उतरवायचा. आग, वादळ, पूर. काकांना विमा ही कल्पनाच आधी खटकली.

"घर पडला तर तुम्ही पैसा देनार. मग घर पडू नये म्हनून काय देनार?"

"काका, ते देवाच्या हातात."

"मग हप्ता देवाला देतो की."

शेवटी तयार झाले, पण अर्ज भरताना परबांचा जीव मेटाकुटीला आला. मी लिहीत होते, काका सांगत होते. तिसऱ्या खोलीची भिंत ओल धरते. चौथीचा दरवाजा वाळवीने खाल्लाय. परब हळूच म्हणाले, "ताई, एवढं सगळं विचारलेलं नाही कंपनीने."

"विचारलेला नाय म्हनूनच सांगतो," काका म्हणाले. "विचारलेला सगलेच सांगतात." मग नेहमीप्रमाणे परबांकडे वळले, "आनि तुमच्यात काय खोट हाय?"

परब गांगरले. बॅग आणखी घट्ट धरून म्हणाले, "मला पटकन रडू येतं."

आतून मंदाताईच्या हसण्याचा आवाज आला. काकांनी चमकून आत पाहिलं.

पुढे एका वादळात खोल्यांचे पत्रे उडाले. पाहणी करायला कंपनीचा माणूस आला. परब काकांना सकाळपासून बजावत होते, तुम्ही बोलू नका, मी बोलतो. पाहणीवाला उडालेले पत्रे मोजत होता, तेवढ्यात काका पुढे झाले. "साहेब, हा शेवटचा धरू नका. हा वादलाच्या आधीपासूनच सैल होता. वादलाचा त्यात काय दोष?"

परबांनी डोक्याला हात लावला. पाहणीवाल्याने काकांकडे नीट पाहिलं, मग आमचा अर्ज उलटून पाहिला. त्यात तो सैल पत्रा आधीच लिहिलेला होता. तो एक सोडून बाकी सगळ्याची भरपाई मिळाली. परब पेढे घेऊन आले आणि पेढा देताना त्यांचे डोळे भरून आले. "बग," काका मंदाताईला म्हणाले, "हा मानूस खोटं बोलला नव्हता."

त्यानंतर परबांचं येणं वाढलं. विम्याचा हप्ता वर्षातून एकदा असतो, हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्यांनाही. कधी पावती द्यायला, कधी पावती नीट मिळाली का ते विचारायला.

माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष सुरू होतं. एका रविवारी काकांनी हाक मारली. ओट्यावर परब बसले होते, कुठलीशी पावती घेऊन. मंदाताई मागे विहिरीवर कपडे धूत होती. काका आवाज खाली आणून म्हणाले, "शिकलेली, मंदाची जाहिरात लिव. वधू-वरच्या पुस्तकात द्यायची. मी काय जन्माला पुरनार नाय."

परब उठू लागले. "बसा हो," काका म्हणाले, "घरचेच हाय तुम्ही."

मी नाव लिहिलं, शिक्षण लिहिलं, घटस्फोटित लिहिलं. मग नेहमीच्या सवयीने म्हटलं, "हं, आता खोट सांगा काका."

काका समोरच्या नारळाच्या झाडाकडे बघत बसले.

"मीठ?" मी मदत केली.

"बराबर पडतं."

"राग?"

"येतो. पन बराबर ठिकानीच येतो."

"आळस?"

त्यांनी नुसती मान हलवली. मला हसू येत होतं. पण काकांचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं. खोलीच्या भिंतीतला केसाएवढा तडा शोधणारा तो माणूस गुडघ्यांवर हात ठेवून अगदी हरल्यासारखा बसला होता.

"मना एक पन खोट दिसना गो," ते म्हणाले. "त्या जावयात पन मना दिसली नव्हती."

परब जमिनीकडे बघत होते.

मंदाताई ओल्या हातांनी मागच्या दारात येऊन कधीची उभी होती. ती पुढे आली आणि माझ्यासमोर बसली. "लिव," बापासारखंच म्हणाली. "झोपेत बडबडते. चहात साखर विसरते. हट्टी हाय. एकदा मनातून उतरला, तो मानूस परत चढत नाय. आनि बापाला एकटा टाकून लांब जानार नाय." मग परबांकडे न बघता म्हणाली, "एवढं वाचून कोन येतो ते बघू."

परबांनी बॅग बाजूला ठेवली. इतक्या वर्षांत मी त्यांच्या हातातून ती बॅग सुटलेली पाहिली नव्हती. "मी..." ते म्हणाले, "विरारला राहतो. फार लांब नाही ते. चहा मी बिनसाखरेचाच पितो." आणि खिशातून रुमाल काढला.

"खोट आधीच सांगितलीय त्यांनी," मंदाताई म्हणाली आणि आत गेली. पाणी भरायला नाही, चहा ठेवायला.

ती जाहिरात छापायला गेलीच नाही. जात वेगळी म्हणून गावात कुजबुज झाली. भावकीतलं कुणी काकांना समजावायला आलं, तेव्हा काकांनी एवढंच विचारलं, "पहिला जातीतला होता ना?" वसईला नोंदणी करून लग्न झालं. लग्नाआधी काका चटई आणि तांब्या घेऊन परबांच्या फ्लॅटवर मुक्कामाला गेले होते. परत आल्यावर मी विचारलं, "काय काय निघालं?"

"फ्लॅट सोताचा हाय, कागद बगले. बेसिनचा नल गलत होता, मीच आवलला." मग थोडं थांबून म्हणाले, "खिडकीतून जूचंद्र दिसत नाय."

पुढे मी बी.ए. झाले, मला नोकरी लागली, वडिलांनाही गोखिवऱ्याच्या एका वह्यांच्या कारखान्यात बायंडिंगचं काम मिळालं. आम्ही फ्लॅट घेतला. खोली सोडायच्या आधी काकांनी मला शेवटची पाटी लिहायला बोलावलं. कोंबडा केव्हाच गेला होता, ती ओळ पुसली. पत्र्याला काकांनी खालून छत ठोकून घेतलं होतं, पाणी रोज येऊ लागलं होतं, त्याही ओळी पुसल्या. खाजण तेवढं राहिलं. पाटी जवळजवळ कोरी झाली. मी म्हटलं, "आता काय लिहू काका? खाजणाशिवाय खोट उरली नाही."

त्यांनी विचार केला. "लिव. मालक एकटा असतो. उगाच येऊन बसतो."

मी ते लिहिलं, अक्षर शक्य तितकं चांगलं काढून.

मंदाताई दर रविवारी विरारहून येते. खोली पाटी लावल्याच्या आठवड्यात गेली. नवे भाडेकरू आपल्यासाठी चहा एक कप जास्तच टाकतात, असं काका सांगतात. आणि आम्ही गोखिवऱ्याला आमच्या स्वतःच्या घरात राहतो.