आमच्या घरी परदेशी कोणी नाही

रोह्याच्या पुलापलीकडच्या आमच्या अष्टमीत माझ्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नाही. ही फुशारकी नाही, कोणालाही विचारा. कोणाच्या कुंपणाचं भांडण असो, कोणाची म्हैस ट्रकखाली आलेली असो, पंच म्हणून पहिलं नाव जनूकाकाचं, म्हणजे माझं. छत्तीस वर्षं मी कंपनीच्या गेटवर टाइमकीपर होतो. रोज तीन शिफ्टच्या हजेऱ्यांवर सह्या करून करून आता समोर कागद आला की हात आपोआप चालतो. आणि सही तरी कशी? एक लांब रेघ, तिच्यावर तीन गाठी, खाली वळून आलेला फाटा आणि शेवटी दोन टिंबं. बँकेतल्या मॅडम एकदा म्हणाल्या, "काका, ह्यात तुमचं नाव कुठे आहे?" म्हटलं, "मॅडम, नाव शोधायचं नसतं. सही ओळखायची असते."

तर अशा माणसाच्या सुनेला ह्या देशात राहू द्यायचं की नाही, असा प्रश्न सरकारला पडला. आता डोकं फिरेल नाहीतर काय होईल?

सुनेचं नाव दिल्रुक्षी. श्रीलंकेची. आमचा प्रविण मालदीवच्या एका हॉटेलात मेंटेनन्सला होता, ही तिथे स्टोअरला होती. जमलं. पेणला रजिस्टर लग्न झालं, प्रविणला इथल्या कंपनीत नोकरी लागली, आणि दिल्रुक्षीची दोन महिन्यांत दिलू झाली. आम्ही मूळचे पेणच्या खाडीकडचे, मिठागरातले. पहिल्यांदा गावी नेली तेव्हा ही पोरगी चप्पल काढून सरळ मिठाच्या कोंडीत उतरली, पाणी बोटाने चाखलं आणि म्हणाली, मीठ धरायला अजून चार दिवस लागतील. तिचा आजोबाही मिठागरातलाच निघाला. त्या दिवसापासून आमच्या सीताबाईने मुलगा सोडून सुनेची बाजू घ्यायला सुरुवात केली, ती अजून घेते आहे. मराठीही तिनेच शिकवली. त्यामुळे दिलू जी मराठी बोलते ती पुस्तकातली नाही, चांगली खाडीवरची आहे. आमच्या प्रविणला येत नाही एवढी येते.

सुरुवातीला मात्र फार ताप झाला. कोणीतरी मोबाइलवर टाकलं, अष्टमीत फॉरेनची सून आली. झालं! रोह्याहून माणसं बघायला. बहुतेकांना गोरी, सोनेरी केसांची हवी होती. दिलूला बघून तोंडं पाडायचे. "ही व्हय? ही तर आपल्यातलीच दिसते." एकाने सेल्फी मागितली. एक तर दारात उभा राहून मला विचारतो, "हिचे कागद बरोबर आहेत ना?" माझ्या घरात, माझ्या ओट्यावर! त्या दिवशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ओट्यावर उभं राहून मी अख्ख्या गल्लीला ऐकवलं, "ह्या घरात परदेशी कोणी राहत नाही. राहते ती माझी सून. कोणी विचारायला आलं तर हेच सांगायचं. आणि ह्यापुढे ज्याच्या तोंडून फॉरेनर हा शब्द ऐकला, त्याच्या कागदावर माझी सही नाही."

सही नाही म्हटल्यावर कोणाची छाती होते? दिलूलाही तेच पढवलं. तिने मान हलवली. "व्हय आबा."

ह्यात दीड वर्ष गेलं. आमची नात भाविका झाली. आणि दिलूच्या व्हिसाची मुदत संपत आली.

प्रविणने ऑनलाइन अर्ज भरला. कागदांची यादी बघून मला घाम फुटला. लग्नाचा दाखला हवा, एकत्र फोटो हवेत, घराचं बिल हवं. आणि वर हमीपत्र, की लग्न अजून टिकून आहे. आठ महिन्यांची पोर मांडीवर दूध पिते आहे, अजून कसला पुरावा द्यायचा? अहो, आमची सीताबाई चाळीस वर्षं माझ्याबरोबर राहते. तिला एकदा तरी कोणी विचारलं का, बाई, मुदत वाढवून हवी का? (विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, तो भाग वेगळा.) सून म्हणजे काय भाड्याची सायकल आहे, वर्ष भरलं की परत जमा करायला?

शेवटी लिहिलं होतं, पोलीस घरी येऊन खात्री करतील. तीस तारखेच्या आत सगळं झालं नाही तर अर्जदाराने देश सोडावा. अर्जदाराने! आणि भाविकाचं काय? ती जन्माने इथली, तिचा पासपोर्ट काढलेला नाही. म्हणजे आईने जायचं आणि अंगावर पिणाऱ्या पोरीने आजीकडे राहायचं. हे ज्याने लिहिलं त्याला आई होती की नाही, मला शंका आहे.

मी म्हटलं, "काळजी करू नका. हे जनूकाकाचं काम."

लग्नाच्या दाखल्याची ताजी नक्कल आणायला मी पेणला गेलो. तिथे खिडकीवरच्या माणसाने मला चार तास ह्या बाकावरून त्या बाकावर बसवलं, मी त्याला चार तास ऐकवलं, आणि शेवटी माझं तोंड बंद व्हावं म्हणून त्याने नक्कल दिली. जिंकल्याच्या आनंदात मी पोह्याचे पापड घेतले आणि संध्याकाळी घरी आलो.

दिलू दारातच होती. "आबा, परत एक आलता इचाराया. मोटरसायकलवर. हितं कोन परदेशी बाय ऱ्हाते का म्हनून."

"मग?"

"मी सांगितला, आमचे घरान कोन परदेशी नाय. जा म्हटला. शेजारची बायजाबाय पन ओरडली त्याचेवर."

"शाब्बास!" मी म्हटलं, आणि पापडांचा अख्खा पुडा तिच्या हातात दिला.

चार दिवस झाले, पोलिसांचा पत्ता नाही. पाचव्या दिवशी माझा संयम संपला. असाही तो फार नसतो. सरळ जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन एकेकाला फैलावर घ्यायचं ठरवून मी सकाळी निघालो. पुलावरून रोह्याच्या स्टँडकडे झपाझप चाललो होतो तर मागून हाक आली, "जनूकाका!"

चौकीत नवीन बदलून आलेला हवालदार, महिपती. गडी नम्र. "काका, पाच कागद आहेत, पंच मिळत नाही. चौकीत सगळे म्हणाले, जनूकाका भेटले की काम झालं."

"लवकर. माझी गाडी सुटेल."

त्याने कागद मोटरसायकलच्या सीटवर ठेवले. चष्मा खिशात होता, पण पंचनाम्यात वाचण्यासारखं असतं काय? म्हशी, कुंपणं, चोरीला गेलेले पंप. रेघ, तीन गाठी, फाटा, दोन टिंबं. पाच वेळा. "सही बघून शिका जरा," असंही मी जाता जाता म्हणालो.

जिल्ह्याच्या ऑफिसात मी जो आवाज लावला, तो खालच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत गेला असणार. "पोलीस झोपलेत का? पाच दिवस झाले, एक माणूस आमच्या घराकडे फिरकला नाही! अहवाल कधी द्यायचा? ती देश सोडून गेल्यावर?" टेबलावरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, पाणी घ्या. मी आजच त्यांना आठवण करते." मी पाणी घेतलं आणि विजयी वीरासारखा परत आलो.

बाईंनी आठवण केली असणार, कारण दुसऱ्याच दिवशी दुपारी निरोप आला. प्रविणने पहिल्या शिफ्टवरून येऊन मोबाइल उघडला, वाचला आणि खाली बसला.

"आबा, अहवाल आलाय. दिलेल्या पत्त्यावर सदर परदेशी महिला राहत असल्याचे आढळले नाही. तीसच्या आत खुलासा करा, नाहीतर…"

त्याने पुढचं वाचलं नाही. दिलू उठली, माळ्यावरची बॅग काढली आणि पुसायला लागली. पुसत होती, रडत नव्हती. ते मला जास्त लागलं. सीताबाईने जाऊन बॅग तिच्या हातातून ओढली आणि दाराबाहेर ओट्यावर भिरकावली. "ठेव गो ती. कोन नेतो तुला, मना बघूंदे. आणि तुमी काय बसलाव? जा ना चौकीन! सगल्यांच्या सह्या करताव, आपलेच सुनेचा कागद व्हत नाय तुमचेन?"

मला कधी एवढा राग आला नव्हता. दोन वर्षं ही पोरगी माझ्या घरात नांदते, माझ्या पथ्याची भाकरी वेगळी थापते, आणि कोणीतरी येऊन लिहितो, आढळली नाही! चपलाही उलट्या घालून मी चौकी गाठली.

"हा अहवाल कोणी दिला?"

महिपती हवालदार उठून उभा राहिला. "मोकलांच्या घरचा ना? मी दिला. बसा ना, जनूकाका."

"बसायला नाही आलो. मीच तो जनार्दन मोकल. माझ्या घरी माझी सून राहत नाही?"

त्याचा चेहरा पडला. "मोकल म्हणजे तुम्ही? मला जनूकाका एवढंच माहीत. पण काका, मी साध्या कपड्यात जाऊन आलो होतो. घरात एक बाई होती, कडेवर पोर. तिनेच सांगितलं, आमचे घरान कोन परदेशी नाय. मी ह्याच जिल्ह्यातला आहे. अशी बोलणारी बाई परदेशी असेल हे मला स्वप्नातही आलं नसतं."

मोटरसायकल. साधे कपडे. पापडांचा पुडा. सगळं जुळत होतं, पण रागाचं इंजिन चालू होतं, ते थांबेना.

"आणि शेजारीपाजारी?"

"सगळे तेच म्हणाले. त्या बायजाबाईंनी तर मला केरसुणी दाखवली."

"ते सोडा! खाली पंच असतो ना? ज्याने डोळे मिटून ह्यावर सही ठोकली, तो कोण शहाणा? आत्ता त्याला इथे बोलवा. एका पोरीचा संसार मोडतोय आणि ह्या माणसाला दोन ओळी वाचायला जड झाल्या? असल्या माणसाला पुलावर उभं करून…"

हवालदाराने कागद माझ्याकडे फिरवला. वर लिहिलं होतं, जनार्दन मोकल यांच्या घरी कोणीही परदेशी महिला राहत नाही. खाली, पंच : जनूकाका, रा. अष्टमी. आणि पुढे एक लांब रेघ, तीन गाठी, फाटा, दोन टिंबं.

मी बसलो. त्याने पाणी दिलं.

"दुसरा अहवाल लगेच पाठवतो," तो हळूच म्हणाला. "पण ह्या वेळी सगळ्यांनी खरं सांगायला हवं."

संध्याकाळी तो गणवेशात आला. गल्ली ओट्यासमोर जमली. त्याने बायजाबाईला विचारलं, ही बाई परदेशी आहे का? बायजाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "दीड वरीस नाय म्हनायचा, आज व्हय म्हनायचा. मी नाय म्हननार. दिलू आमची हाय. तुमचा काय तो आधी ठरवा." मी हात जोडले तेव्हा ती गप्प बसली, पण व्हय काही म्हणाली नाही.

मग त्याने दिलूलाच विचारलं. "ताई, तुम्ही परदेशी ना?"

दिलूने सासूकडे बघितलं. सीताबाईने पदर डोळ्यांना लावला. "सांग गो. एकदाच सांग."

"हाय," दिलू म्हणाली. "कागदाव हाय."

हवालदाराने मान खाली घालून लिहून घेतलं.

मुदतवाढ आठवड्याने आली. एका वर्षाची. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा हेच, आणि माझा राग तेवढ्यासाठी मी जपून ठेवला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या संध्याकाळचं उरलेलं सांगताना मला फारसं बरं वाटत नाही.

झालं असं, की पंचाची सही राहिली होती. सवयीने मी हात पुढे केला. हवालदाराने पेन माझ्या हातावरून पलीकडे नेलं आणि शेजारच्या नाथाला दिलं. नाथा चौथी शिकलेला. एक पोस्टकार्ड वाचायला त्याला अर्धा तास लागतो, म्हणून मी त्याची जन्मभर टर उडवली.

"वाचून मगच सही," हवालदार म्हणाला.

नाथाने चष्मा लावला, घसा साफ केला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, अक्षर अक्षर लावत वाचायला घेतलं. चौथ्या ओळीला तो आला. "सदर घराचे मालक… यांनी मागील पंचनाम्यावर… न वाचता… सही केल्यामुळे… हा घोटाळा झाला."

तिथे तो थांबला. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"ही ओल मना नीट लागली नाय," नाथा म्हणाला. "परत वाचतो."